न झालेल्या दंगलीचा अभ्यास

'किरकोळ कारणावरून दोन गटांत दगडफेक. परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात.' या धाटणीची बातमी मराठी वाचकाने इतक्या वेळा वाचलेली असते की तिचा अर्थ लावायला त्याला क्षणही लागत नाही. दोन गट कोणते, हे बातमी सांगत नाही. समाजांची नावं छापायची नाहीत, हा आपल्या पत्रकारितेतला जुना संकेत आहे. पण गल्लीचं नाव, मिरवणुकीची तिथी, मशिदीसमोरचा रस्ता, एवढ्यावरून वाचक मनातल्या मनात रिकाम्या जागा भरतो आणि चहाचा दुसरा घोट घेतो.

काही माणसांनी हेच वाचन पोटापाण्याचा उद्योग म्हणून केलं. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीतून १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची यादी तयार केली. ४६ वर्षांचं दैनिक म्हणजे सोळा हजारांच्या आसपास अंक. प्रत्येक नोंदीत गाव कोणतं, तारीख काय, मेले किती, जखमी किती, किती दिवस चाललं आणि निमित्त काय घडलं. एकाच वर्तमानपत्राची एकच आवृत्ती धरण्यामागे साधा हिशेबी विचार असतो. कापड मोजताना मधेच गज बदलायचा नाही. गज दोन बोटं आखूड असेल, लांबच्या गावातली छोटी चकमक मुंबईच्या अंकात आलीच नसेल, पण निदान सगळीकडे तो सारखाच आखूड असेल.

या कंटाळवाण्या यादीतून जे निघालं ते मात्र कंटाळवाणं नव्हतं. देशातली दोन तृतीयांशांहून जास्त माणसं खेड्यांत राहत होती, आणि दंगलीतल्या मृत्यूंपैकी खेड्यांच्या वाट्याला चार टक्केसुद्धा येत नव्हते. शहरांतही हिंसा सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती. अहमदाबाद, मुंबई, अलीगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कलकत्ता आणि दिल्ली या आठ शहरांत मिळून जवळपास ४६ टक्के मृत्यू झाले होते. देशाच्या शहरी लोकसंख्येत या आठांचा वाटा १८ टक्के. म्हणजे 'हिंदू-मुसलमानांचं हाडवैर आहे, दंगली होणारच' असं पारावर बसून सांगणाऱ्याला या यादीने एक अडचणीचा प्रश्न विचारला. हाडवैर असेल, तर ते बहुतेक गावांत गप्प का बसतं?

इथे एका शब्दापाशी थांबायला हवं, कारण मराठीत हा विषय शब्दापासूनच अडखळतो. या ज्ञानशाखेला इंग्रजीत 'एथ्निक' संघर्षाचा अभ्यास म्हणतात. आपण त्याचं भाषांतर 'वांशिक' करतो आणि डोळ्यांसमोर रवांडा नाहीतर बोस्निया येतो. हिंदू-मुस्लिम दंगल वांशिक कशी, असं वाचकाला वाटणं रास्तच. आपण त्या दंगलीला 'जातीय' म्हणतो, आणि तिच्यात जातीचा संबंध असतोच असं नाही. डोनाल्ड होरोविट्झ हे कायद्याचे आणि राज्यशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक. १९८५ साली आलेल्या 'एथ्निक ग्रूप्स इन कॉन्फ्लिक्ट' या त्यांच्या जाडजूड ग्रंथाने या शब्दाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली. रंग, भाषा, धर्म, जात, टोळी, जन्माने चिकटलेली कोणतीही सामूहिक ओळख तिच्यात बसते. मलेशियातले मलय आणि चिनी, श्रीलंकेतले सिंहली आणि तमिळ, उत्तर आयर्लंडमधले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आणि आपले मोहल्ले हे सगळे एका टेबलावर मांडता आले ते या ऐसपैसपणामुळे.

होरोविट्झ यांचं २००१ सालचं पुस्तक जगभरातल्या सुमारे दीडशे दंगलींवर आहे. त्यातलं एक निरीक्षण अंगावर काटा आणतं. पहिल्या घटनेनंतर आणि खऱ्या कत्तलीआधी बहुधा एक शांत काळ येतो. दगडफेक थांबते, रस्ते ओस पडतात, परिस्थिती नियंत्रणात आल्याची बातमी छापून येते. आणि मग ते सुरू होतं. शिवाय, बेभान म्हणवला जाणारा जमाव माणसं निवडताना फार काटेकोर असतो. मारण्याआधी नाव विचारतो, खूण तपासतो, खात्री करून घेतो.

वार्ष्णेय मुळात या वाटेचे प्रवासी नव्हते. एमआयटीतल्या डॉक्टरेटसाठी त्यांनी घेतलेला विषय होता शेतमालाचे भाव आणि शेतकऱ्यांचं राजकारण. त्यांचं १९९५ सालचं पहिलं पुस्तक त्याच विषयावरचं आहे. शरद जोशींच्या आंदोलनाच्या काळात महाराष्ट्रात 'भारत विरुद्ध इंडिया' म्हणून जे बोललं जायचं, त्याच प्रदेशातलं काम. त्यानंतर नव्वदचं दशक सुरू होताना अयोध्येचं आंदोलन पेटलं आणि हा माणूस गव्हाच्या भावावरून दंगलीकडे वळला. पुढे हार्वर्ड, मिशिगन आणि आता ब्राऊन विद्यापीठ असा प्रवास झाला, पण नाव झालं ते या वळणामुळे.

त्यांच्याआधीच्या बहुतेक अभ्यासकांची रीत अशी होती: दंगल झाली की तिथे जायचं, कारणं गोळा करायची. कारणं मिळतातही भरपूर. बाजारातली स्पर्धा, निवडणूक, जमिनीचा वाद, फाळणीच्या आठवणी, एखादं भडक भाषण. पण जळालेल्या शहरात सापडलेली कारणं न जळालेल्या शहरातही असतील तर? फक्त रुग्णांनाच तपासणारा वैद्य, सगळे रुग्ण पाणी पितात असं पाहून पाण्यालाच दोष देईल. म्हणून वार्ष्णेय यांनी शहरांच्या जोड्या लावल्या. मुसलमानांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं, पण एक शहर वारंवार पेटणारं आणि दुसरं शांत. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत.

यातली पहिली जोडी सर्वांत बोलकी आहे. अलीगढ कुलपांचं आणि मुस्लिम विद्यापीठाचं गाव. कालिकत म्हणजे कोळिकोड, मलबार किनाऱ्यावरची जुनी व्यापारी पेठ. दोन्हीकडे मुसलमान ३६-३८ टक्क्यांच्या घरात. बाबरी मशिदीच्या वादाच्या काळात अफवा आणि चिथावणी दोन्हीकडे झाली. डिसेंबर १९९० मध्ये अलीगढच्या काही स्थानिक वर्तमानपत्रांनी छापलं की विद्यापीठाच्या रुग्णालयात मुस्लिम डॉक्टरांनी हिंदू रुग्णांना मारलं. बातमी धादांत खोटी होती. प्रेस कौन्सिलने नंतर त्या वर्तमानपत्रांवर ठपका ठेवला, पण तोवर लोक मेले होते. कालिकतमध्ये अशी अफवा उठली की संध्याकाळपर्यंत तिचा निकाल लागायचा. शांतता समितीतली माणसं, वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी, व्यापारी, पत्रकार हे आधीपासून एकमेकांच्या ओळखीचे होते. खरं काय ते विचारायला कुणाकडे जायचं, हे ठाऊक होतं.

आकडेही तेच सांगतात. पाहणीत कालिकतच्या ८३ टक्के हिंदू-मुसलमानांनी आम्ही अनेकदा एकत्र जेवतो असं सांगितलं. अलीगढमध्ये ५४ टक्क्यांनी. मुलं एकमेकांत खेळतात असं कालिकतमधले ९० टक्के म्हणाले, अलीगढमधले ४२ टक्के.

इथपर्यंत आल्यावर आपल्यातला भाबडा माणूस खूश होतो. म्हणजे एकत्र बसून शीरखुर्मा खाल्ला, दिवाळीचा फराळ पाठवला की झालं! वार्ष्णेय यांचं म्हणणं वेगळं आहे, आणि त्यांच्या साऱ्या मांडणीतला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. शेजारधर्म चांगलाच, पण तो खेड्यात पुरतो. शहरात पुरत नाही. साधं गणित पाहा. शंभर माणसांच्या वस्तीत दोघादोघांच्या ४,९५० जोड्या होतात. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणणं तिथे शक्य आहे. एक लाखाच्या गावात त्याच जोड्या ५०० कोटी होतात. इतक्या ठिकाणी फराळाची ताटं कोण पाठवणार? शहरात अनोळखी माणसांना जोडण्यासाठी संस्था लागतात: व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालय, पक्षाची शाखा, डॉक्टरांची किंवा वकिलांची संघटना, सिनेमावेड्यांचं मंडळसुद्धा. आणि त्या मिश्र असाव्या लागतात. नुसत्या हिंदूंच्या किंवा नुसत्या मुसलमानांच्या संस्था कितीही असल्या तरी उपयोग नाही. आगीच्या दिवशी त्या तेलच ओततात.

कालिकतच्या बाजारात हिंदू आणि मुसलमान व्यापारी कागदपत्र न करता एकमेकांना उधारीवर माल देत, आणि त्यांच्या संघटनांत दोन्हीकडचे पदाधिकारी होते. दंगल झाली तर सगळ्यांचीच उधारी बुडणार. शांततेमागे असं रोकडं हितही असतं, आणि ते मान्य करायला लाजायचं काही कारण नाही. अलीगढमध्येही सत्तरच्या दशकाच्या शेवटी व्यापाऱ्यांची एक सामाईक संघटना उभी राहिली होती. ती धार्मिक तेढीत मोडली.

पण कालिकतलाच हे का जमलं? याचं उत्तर इतिहासात मागे नेतं. विसाव्या शतकातल्या केरळात पहिला मोठा संघर्ष जातींमधला होता. एळवा समाजाने मंदिर, रस्ता, शाळा यांसाठी झगडा दिला, मग डाव्या पक्षांनी त्यावर आपलं राजकारण बांधलं. उत्तर प्रदेशात राजकारणाची मुख्य फट हिंदू-मुस्लिम राहिली. १९२१ चं मोपला बंड याच मलबारात झालं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे कालिकतची शांतता ही काही 'पहिल्यापासूनच गुण्यागोविंदाने' छापाची नव्हती हे कळतं.

गुजरातच्या जोडीत वेगळाच पदर आहे. अहमदाबादमध्ये गांधींच्या काळात उभ्या राहिलेल्या संस्था होत्या. १९२० चा मजूर महाजन संघ त्यातला एक. गिरण्या बंद पडत गेल्या, संघ खंगला, काँग्रेसची बांधणी सैल झाली, आणि शहराची वीण उसवली. सुरत दीर्घकाळ शांत होतं. डिसेंबर १९९२ मध्ये तिथेही भीषण हिंसा झाली, पण ती जवळजवळ सगळी शहराबाहेरच्या नव्या झोपडवस्त्यांत. व्यापारात गुंतलेली जुनी पेठ बव्हंशी शाबूत राहिली. परमुलखातून आलेल्या कामगारांच्या वस्त्यांना जोडणारी कुठलीच संस्था नव्हती.

'एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ' हे पुस्तक २००२ साली बाहेर पडलं. ते वर्ष वाचकाला वेगळं सांगायला नको. संशोधक वर्षानुवर्षं खपून दंगल कशी टळते याचा सिद्धान्त मांडतो आणि पुस्तकाच्या शाईचा वास जायच्या आत गुजरात पेटतं. सरकारने पुढे संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे ७९० मुसलमान आणि २५४ हिंदू मारले गेले. वार्ष्णेय यांनी त्याचं वर्णन करताना दंगल हा शब्द अपुरा ठरवला आणि 'पोग्रोम' हा शब्द वापरला. सत्तेच्या संमतीने एका समाजावर झालेला हल्ला असा त्याचा अर्थ. पण मग टीकाकारांनी विचारलं: सरकारनेच डोळे मिटले, तर तुमचा व्यापारी संघ काय करणार?

हा प्रश्न विचारण्याचा सर्वांत मोठा अधिकार पॉल ब्रास यांचा होता. वॉशिंग्टन विद्यापीठाचा हा प्राध्यापक १९६१ मध्ये तरुण संशोधक म्हणून उत्तर प्रदेशात आला आणि पुढची चार दशकं अलीगढला पुनःपुन्हा येत राहिला. एका शहराचा इतका काळ पिच्छा पुरवणं या व्यवसायातही दुर्मीळ आहे. बढती लेखसंख्येवर मिळते आणि अनुदान तीन वर्षांत संपतं, अशा जगात चाळीस वर्षं त्याच गल्ल्यांतून फिरायचं, तेच मोहल्ले कोणत्या साली पेटले आणि शेजारचे का पेटले नाहीत याची नोंद ठेवायची, आणि कुणाचं म्हणणं दहा वर्षांत कसं बदललं हे ऐकायचं. ब्रास यांचं २००३ चं पुस्तक त्यातून आलं.

त्यांचा निष्कर्ष कडवट आहे. दंगल 'होत' नाही, 'केली' जाते. नाटक बसवतात तशी. तिची तालीम असते, प्रयोग असतो आणि प्रयोगानंतरचं परीक्षणही असतं. तालमीच्या काळात काही माणसं वातावरण तापतं ठेवण्याचंच काम करतात. एखादा अपघात, पोरीची छेड, गायीची अफवा, जे मिळेल ते उचलून त्याला धर्माचा रंग देणारे वेगळे असतात. प्रयोगाचा दिवस ठरला की गुंड येतात. आणि पडदा पडल्यावर विद्वान, पत्रकार, आयोग जमतात आणि कारणांची लांबलचक यादी करतात. ब्रास यांचा सर्वांत जिव्हारी लागणारा मुद्दा इथे आहे. आर्थिक स्पर्धा, ऐतिहासिक वैमनस्य, अफवा अशी दहा कारणं सांगितली की दोष इतका पातळ होतो की कुणाच्याच अंगाला लागत नाही. समाजशास्त्रज्ञाचं स्पष्टीकरण हा अशा वेळी नाटकाचाच तिसरा अंक ठरतो. आपल्याच व्यवसायावर असा वार करणाऱ्या माणसाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही, मग त्याचं सगळं पटो न पटो.

तिसरं उत्तर विल्किन्सन यांचं. तीच यादी, तेच अंक, आणि २००४ च्या 'व्होट्स अँड व्हायोलन्स' या पुस्तकात निघालेला अर्थ मात्र वेगळा. विल्किन्सन संस्थांकडेही पाहत नाहीत आणि पडद्यामागच्या सूत्रधारांकडेही फारसं पाहत नाहीत. ते मतपेटीकडे पाहतात. पोलीस राज्य सरकारच्या हातात असतात. अल्पसंख्याकांच्या मतांवाचून सत्ता टिकणार नसेल, तर सरकार पोलिसांना स्पष्ट हुकूम देतं आणि दंगल काही तासांत आटोपते. त्या मतांची गरज नसेल, तर हुकूम निघतच नाही. गावपातळीवर मात्र चुरशीची निवडणूक दंगलीला खतपाणी घालते, कारण भेदरलेला मतदार आपल्या जातीपेक्षा धर्माकडे पाहून मत देतो.

एका यादीतून दोन सिद्धान्त आणि एका शहरातून तिसरा. बाहेरच्याला वाटेल, मग हे शास्त्र कसलं? मला उलट वाटतं. तिघेही एकमेकांचं बारकाईने वाचून, नावं घेऊन भांडले, आणि त्या भांडणामुळे प्रत्येकाला आपल्या सिद्धान्ताची हद्द आखावी लागली.

या तिन्ही सिद्धान्तांना घासून पाहायला मुंबईच्या दाराशीच एक गाव आहे. भिवंडी. यंत्रमागांचं, खडखडाटाचं शहर. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे दंगल उसळली. तिची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाचा बहुखंडी अहवाल आजही अभ्यासकांना मूळ दस्तऐवज म्हणून लागतो. १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली, भिवंडी, ठाणे, मुंबई असा पट्टाच पेटला. कुठल्याही यादीत भिवंडी लाल शाईने लिहावी लागली असती.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. मोहल्ल्यातली हिंदू आणि मुसलमान सामान्य माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसत, आपापली गाऱ्हाणी बोलत. इथे महत्त्वाचा तो 'नियमित' हा शब्द. शांतता समिती ही आपल्याकडे गणपती किंवा मोहरमच्या आधी भरणारी, चहा-बिस्किटं आणि हारतुऱ्यांची बैठक असते. तिच्यात तेच ते पुढारी येतात, त्यांतले काही तर आग लावणाऱ्यांतलेच. खोपडे यांच्या समित्या सण नसतानाही बसत होत्या.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल त्याची साक्ष आहे. तिथून तासाभराच्या अंतरावरची, आधी दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असं आहे. वार्ष्णेय यांनी जोड्या लावून विचारला तोच प्रश्न एका पोलीस अधिकाऱ्याने आपल्या बीटवरून विचारला होता. वार्ष्णेय यांनी आपल्या लेखनात भिवंडीचा दाखला घेतला: समाजांमधले दुवे इतिहासातून वारसा म्हणून मिळाले नसले तरी ते नव्याने बांधता येतात, म्हणून. मुंबईतही १९९३ नंतर पोलीस आणि नागरिकांनी मिळून मोहल्ला समित्यांची चळवळ उभारली. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे ही त्यातली ठळक नावं.

ब्रास यांच्या बाजूने बोलणारा म्हणेल, यात नागरी संस्थांचं कौतुक कसलं, पोलिसांनी मनावर घेतलं म्हणून दंगल करणाऱ्यांचा डाव फसला. विल्किन्सन यांचा शिष्य विचारेल, मग मुंबईच्या पोलिसांनी मनावर का घेतलं नाही? आणि भिवंडी तिघांच्याही खिशात थोडी थोडी बसते, हेच तिचं महत्त्व. माझा कौल विचाराल तर तो असा: समितीने माणसं जोडली हे खरं, पण समिती बोलावणारा खुर्चीत होता तोवर. कालिकतची उधारी पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिला कुणा साहेबाच्या बदलीची भीती नव्हती. भिवंडीच्या समित्या एका अधिकाऱ्याच्या जिद्दीवर उभ्या होत्या, आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात.

जुलै २००६ मध्ये भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली, आणि मग जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. वार्ष्णेय-विल्किन्सन यांची यादी १९९५ ला थांबते. पण ती पुढे चालू असती तरी नोंदीच्या नियमांप्रमाणे हे नाव तिच्यात आलं नसतं. हिंदू आणि मुसलमान त्या दिवशी एकमेकांशी भांडत नव्हते.